'आपले सेशन संपले आहे': एका वेळमर्यादेचा आढावा

तहसील कचेरीसमोरच्या एका सेवा केंद्रात गेल्या जूनमध्ये मी अख्खी दुपार बसून होतो. दाखल्यांचे दिवस, बाहेर बाकावर रांग, आत दोन संगणक आणि एक कुरकुरणारा स्कॅनर. केंद्र चालवणारा मुलगा पंचविशीतला. समोर अकरावीतली एक मुलगी आणि तिचे वडील. काम शिष्यवृत्तीच्या अर्जाचे. मुलाने आधी नोटपॅड उघडले आणि मुलीचे नाव, पत्ता, मागच्या वर्षीचे गुण, वडिलांचे उत्पन्न, बँकेचा खाते क्रमांक असे सगळे त्यात टाइप करून घेतले. मगच तो संकेतस्थळावर शिरला. मध्येच उत्पन्नाचा दाखला स्कॅन केला, फाइल मर्यादेपेक्षा मोठी निघाली म्हणून ती लहान केली. पासबुकावरचा आयएफएससी कोड पुसट झाला होता, म्हणून वडिलांनी घरी फोन लावला. हे चालू असताना दर तीन-चार मिनिटांनी तो दुसऱ्या टॅबवर जायचा, त्याच संकेतस्थळाच्या कुठल्या तरी दुव्यावर क्लिक करायचा आणि परत यायचा.

हे कशाला, असे मी विचारले. "जागं ठेवायला लागतं ओ त्याला. नाहीतर सबमिट दाबलं की बाहेर काढतंय. मग परत पहिल्यापासून."

वेब अ‍ॅप्लिकेशन बांधण्याच्या कामात मला १८ वर्षे झाली. तो मुलगा हाताने जे करत होता त्याला आम्ही 'की-अलाइव्ह' म्हणतो आणि त्यासाठी चार ओळींचा कोड लिहितो. त्याला ते कुणी शिकवले नव्हते; चार वेळा अर्ज उडाल्यावर त्याने स्वतःच शोधून काढले होते. सुरक्षित संकेतस्थळाने आत आलेल्या माणसाला किती वेळ आत राहू द्यावे, आणि बाहेर काढायचेच तर कसे, हा प्रश्न त्या मुलासारखाच बँकांचे सुरक्षा अधिकारी, रुग्णालयांतले डॉक्टर, सुलभतेचे निकष लिहिणारे तज्ज्ञ आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या आपापल्या बाजूने सोडवू पाहत आहेत. हा वाद आज कुठवर आला आहे ते इथे क्रमाने मांडतो.

बिल्ला आणि दोन घड्याळे

वेब ज्या एचटीटीपी नियमांवर चालते त्यांना स्मरणशक्ती नाही. ब्राउझरकडून आलेली प्रत्येक मागणी सर्व्हरला अनोळखी असते; मिनिटापूर्वी याच माणसाने पासवर्ड दिला होता, हे त्याला ठाऊक नसते. १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतल्या लू मोंटुली याने यावर कुकीचा तोडगा काढला. लॉगिन झाले की सर्व्हर एक लांबलचक, अंदाज न येणारा क्रमांक देतो, ब्राउझर तो जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक मागणीसोबत दाखवतो. देवळाबाहेर चपला ठेवल्यावर पितळी बिल्ला मिळतो, तसेच हे. बिल्ला ज्याच्या हातात, चपला त्याच्या. तो कुणाचा हे स्टॉलवाला विचारत नाही. हा बिल्ला जोवर चालतो तोवरचा काळ म्हणजे सेशन.

बिल्ल्याला दोन घड्याळे लावलेली असतात. एक निष्क्रियतेचे: इतकी मिनिटे काही हालचाल झाली नाही तर बिल्ला बाद. दुसरे एकूण आयुष्याचे: हालचाल असो वा नसो, इतक्या तासांनी बिल्ला बाद. बोलीभाषेत आपण दोन्हींना टाइमआउटच म्हणतो आणि पुढचा अर्धा गोंधळ तिथेच सुरू होतो.

निष्क्रियतेचे घड्याळ सर्व्हरवर असते आणि सर्व्हरला फक्त त्याच्यापर्यंत आलेली मागणी दिसते. पान एकदा ब्राउझरमध्ये उतरले की त्यावर टाइप करणे, खाली सरकणे, वाचणे, खोडून पुन्हा लिहिणे यातले काहीही सर्व्हरला कळत नाही. वीस मिनिटे मान खाली घालून मोठा अर्ज भरणारी बाई आणि संगणक उघडा टाकून चहाला गेलेला कारकून त्याच्या लेखी सारखेच. सेवा केंद्रातला अर्ज उडतो तो याच कारणाने. माणूस पूर्ण कामात असतो, पण त्या कामाची खबर सर्व्हरकडे जातच नाही.

मग मिनिटांचा आकडा ठरवतो कोण? बऱ्याचदा कुणीच नाही. वेब अ‍ॅप्लिकेशन ज्या साधनांवर बांधतात त्यांपैकी टॉमकॅटमध्ये तो मुळातच ३० मिनिटे ठेवलेला असतो, एएसपी डॉट नेटमध्ये २०, पीएचपीमध्ये १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे. जँगोमध्ये कुकीचे आयुष्य चक्क दोन आठवडे. प्रकल्प सुरू करताना जे साधन हाती घेतले त्याचा आकडा तसाच राहून जातो. पीएचपीचा आकडा तर नेमकाही नाही. जुनी सेशन झाडून काढण्याचे काम तिथे मुळात योगायोगावर सोडलेले असते, त्यामुळे कमी वर्दळीच्या संकेतस्थळावर एखादे सेशन २४ मिनिटांनंतरही जिवंत सापडू शकते. कित्येक बैठकांत मी 'आमचे धोरण ३० मिनिटांचे आहे' असे ऐकले आहे. खोदून पाहिले की ते धोरण टॉमकॅटचे निघते.

भीती कशाची

वेबच्या आधीही ही मर्यादा होती. एका मोठ्या संगणकाला अनेक टर्मिनल जोडलेली असत, तेव्हा कुणी तसेच उठून गेले की त्याची फाइल दुसऱ्याच्या हाती लागे. युनिक्सच्या कॉर्न शेलमध्ये त्यासाठी टीएमआउट नावाची सोय आली, आणि ती आजही बॅशमध्ये आहे. भीती साधी होती: रिकामी खुर्ची आणि उघडा पडदा.

आपल्याकडे ही भीती सायबर कॅफेने घरोघरी पोहोचवली. २००० नंतरच्या दहा वर्षांत पुण्या-मुंबईपासून तालुक्यांपर्यंत लोक तासाच्या हिशेबाने संगणक वापरत होते. खुर्चीवर बसावे तर आधीच्या माणसाची मेलपेटी समोर उघडी, हा अनुभव त्या काळातल्या बहुतेकांना आहे. अशा ठिकाणी दहा मिनिटांची मर्यादा हे खरे संरक्षण होते.

पण बिल्ला दुरूनही चोरता येतो. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलर याने फायरशीप नावाची फायरफॉक्सला जोडायची छोटी प्रणाली खुली केली. उघड्या वाय-फायवर बसलेल्या इतरांच्या कुकी ती टिपायची आणि दोन क्लिकमध्ये त्यांच्या खात्यात शिरू द्यायची. संपूर्ण संकेतस्थळ एचटीटीपीएसवर नेण्याची गरज त्याने सर्वांसमोर आणली. सप्टेंबर २०१८ मध्ये फेसबुकच्या एका सोयीतल्या चुकीतून टोकन, म्हणजे असेच बिल्ले, बाहेर गेली. सुरुवातीचा अंदाज पाच कोटी खात्यांचा होता, आणि कंपनीने खबरदारी म्हणून नऊ कोटी लोकांना पुन्हा लॉगिन करायला लावले. ऑक्टोबर २०२३ मध्ये ओक्टा या ओळख-व्यवस्थापनाच्या कंपनीच्या मदत विभागात चोर शिरले. ग्राहकांनी अडचण दाखवण्यासाठी पाठवलेल्या ब्राउझर नोंदींच्या फाइलींत जिवंत टोकन होती, आणि त्यांनी तीच उचलली. त्याच महिन्यात गाजलेल्या 'सिट्रिक्स ब्लीड' या दोषात दुरुस्ती बसवूनही भागत नव्हते, कारण आधी चोरीला गेलेली सेशन चालूच राहत. ती वेगळी मारावी लागत होती.

या दोन भीती वेगळ्या आहेत आणि दोन घड्याळांचा त्यांच्यावर वेगवेगळा परिणाम होतो. निष्क्रियतेची मर्यादा रिकाम्या खुर्चीवर काम करते. दुरून बिल्ला नेलेल्या चोराला मात्र ती फारशी अडवत नाही. सेवा केंद्रातल्या मुलासारखेच तोही दर दोन मिनिटांनी एक मागणी पाठवून सेशन जागे ठेवू शकतो. त्याला थांबवते ते दुसरे घड्याळ, किंवा सर्व्हरने बिल्ला स्वतःहून रद्द करणे. तरीही ऑडिटच्या अहवालात टोकनचोरीच्या धोक्यावर 'निष्क्रियतेची मर्यादा कमी करा' हा उपाय मी आजही वाचतो.

नियमांचे आकडे

छोट्या मर्यादेच्या बाजूचा आधार प्रामुख्याने नियमांत आहे. सुरक्षेच्या क्षेत्रात सर्वाधिक वाचले जाणारे ओवॅस्पचे मार्गदर्शन मोठ्या जोखमीच्या अ‍ॅप्लिकेशनसाठी २ ते ५ मिनिटे आणि कमी जोखमीच्या ठिकाणी १५ ते ३० मिनिटांची निष्क्रियता सुचवते. कार्ड उद्योगाच्या पीसीआय डीएसएस मानकात १५ मिनिटांनंतर पुन्हा ओळख पटवणे सक्तीचे आहे. युरोपात १४ सप्टेंबर २०१९ पासून लागू झालेल्या पेमेंट नियमांनी ग्राहकाच्या ऑनलाइन खात्यासाठी ५ मिनिटांची कमाल मर्यादा घातली. रिझर्व्ह बँकेच्या फेब्रुवारी २०२१ च्या डिजिटल पेमेंट सुरक्षा निर्देशांत ठरावीक निष्क्रिय काळानंतर सेशन आपोआप बंद व्हावे एवढे आहे. किती मिनिटे हे संस्थेने ठरवायचे. अमेरिकेतला आरोग्य माहितीचा कायदाही आपोआप लॉगआउटची अपेक्षा ठेवतो, आकडा देत नाही.

पीसीआयच्या १५ मिनिटांबद्दल एक गोष्ट सहसा निसटते. ती अट कार्डांची माहिती हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या खात्यांसाठी आहे, खरेदी करणाऱ्या ग्राहकासाठी नाही. पण आकडा एका कागदावरून दुसऱ्यावर उतरत जातो, आणि शेवटी वीज बिल भरणाऱ्या आजोबांनाही तोच लागतो.

अमेरिकी सरकारी संस्थांसाठी नियम लिहिणाऱ्या निस्टचा प्रवास या वादात सर्वांत बोलका आहे. २०१७ च्या त्यांच्या दस्तऐवजात मधल्या सुरक्षा पातळीला १२ तासांचे एकूण आयुष्य आणि ३० मिनिटांची निष्क्रियता होती. २०२५ च्या नव्या आवृत्तीत त्याच पातळीला २४ तास आणि एक तास अशी शिफारस आहे. सर्वोच्च पातळीवर १२ तास आणि १५ मिनिटे तशीच ठेवली. म्हणजे सरसकट सैलावले नाहीत. जिथे जोखीम मध्यम तिथेच हात सैल केला. तिकडे युरोपात ५ मिनिटांचा नियम लागू आहे. दोन्ही ठिकाणची माणसे सारखी, फोन सारखे आणि धोकेही बव्हंशी सारखे, तरी आकड्यांत बारा पटींचे अंतर.

थर्मोकोलचा कप

मोठ्या मर्यादेच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा आळसाचा किंवा सोयीचा आहे असे वरवर वाटते. त्यांचा खरा मुद्दा असा की छोटी मर्यादा माणसाला सुरक्षेच्या विरोधात उभे करते.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा रुग्णालयांतून आला. रॉस कॉपेल, शॉन स्मिथ, जिम ब्लाइद आणि विजय कोठारी यांनी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या आरोग्यसेवेतील पळवाटांवर एक निबंध लिहिला. काही ठिकाणी संगणकाला माणूस जवळ आहे की नाही हे ओळखणारे सेन्सर बसवले होते. डॉक्टर-परिचारिकांनी त्यांवर थर्मोकोलचे कप उपडे घातले, म्हणजे संगणकाला कायम कुणीतरी समोर आहे असे वाटावे. दुसरीकडे चमूतल्या सर्वांत कनिष्ठ माणसाकडे एक जादा काम आले होते: सगळ्यांच्या कीबोर्डवरची स्पेसबार अधूनमधून दाबत राहायची. एका डॉक्टर बाईंनी सांगितले की पाच मिनिटांच्या मर्यादेमुळे चौदा तासांच्या दिवसात जवळजवळ दीड तास नुसता लॉगिन करण्यात जातो.

त्या कनिष्ठ डॉक्टरची स्पेसबार आणि सेवा केंद्रातल्या मुलाचा दुसरा टॅब ही एकच गोष्ट आहे. समुद्र ओलांडला तरी पळवाट तीच, कारण अडचण तीच.

या बाजूचा दुसरा आधार पासवर्डच्या इतिहासात आहे. वर्षानुवर्षे दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायला लावला जाई. लोक शेवटचा अंक एकने वाढवत. अ‍ॅन अ‍ॅडम्स आणि अँजेला सॅसे यांनी १९९९ मध्येच दाखवले होते की चांगला कर्मचारीसुद्धा जाचक नियमाला बगल देतो, आणि दोष त्याचा नसतो. निस्टने २०१७ मध्ये ठरावीक काळाने पासवर्ड बदलण्याची अट सोडली. मायक्रोसॉफ्टनेही आपल्या मार्गदर्शनात हाच धागा सेशनपर्यंत आणला आहे: वारंवार पासवर्ड मागितला की माणूस न बघता तो देऊ लागतो, आणि उद्या खोट्या पानानेही मागितला तरी देतो. त्यापेक्षा सेशन लांब ठेवावे, आणि पासवर्ड बदलला, खाते बंद झाले, काही संशयास्पद दिसले की लगेच ते रद्द करावे.

सुरक्षा अधिकाऱ्यांचे याला उत्तर आहे आणि ते हलके घेण्यासारखे नाही. संशय ओळखून सेशन मारणारी यंत्रणा मोठ्या कंपन्यांकडे असते. जिल्हा सहकारी बँकेकडे किंवा नगरपालिकेकडे असेलच असे नाही. ज्याच्याकडे पहारेकरी नाही त्याने कुलूप तरी लवकर लावावे. शिवाय रुग्णालयातल्या उघड्या पडद्यावर नुसती माहिती दिसत नाही, त्यावरून औषधे लिहिली जातात. एका डॉक्टरच्या उघड्या सेशनमध्ये दुसऱ्याने भलत्या रुग्णाची नोंद केली, तर थर्मोकोलचा कप फार महाग पडेल.

मुदतवाढ मागण्याचा हक्क

तिसरी भूमिका किती मिनिटे यावर भांडतच नाही. ती म्हणते, मर्यादा ठेवा, पण ती माणसाला आधी सांगा, वाढवू द्या आणि त्याचे काम वाया घालवू नका.

वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीच्या सुलभता निकषांत, म्हणजे डब्ल्यूसीएजीत, डिसेंबर २००८ पासून ही अट पहिल्याच, 'ए' पातळीवर आहे. वेळमर्यादा बंद करता यावी, किंवा आधीच दहापट वाढवता यावी, किंवा संपण्यापूर्वी इशारा देऊन किमान २० सेकंद मिळावेत आणि एका साध्या कृतीने, किमान दहा वेळा, मुदत वाढवता यावी. लिलावासारख्या खऱ्या वेळेच्या गोष्टी आणि २० तासांहून मोठ्या मर्यादा यातून वगळल्या आहेत. २०१८ च्या आवृत्तीत आणखी एक निकष आला: किती वेळ थांबल्यास माहिती जाईल हे आधी सांगा, किंवा ती २० तासांहून जास्त जपून ठेवा.

पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारी प्रणाली ज्यांना लागते त्यांना अर्जातला प्रत्येक रकाना ऐकून मग भरायचा असतो. हाताचा कंप असलेल्या माणसाला एक अक्षर उमटवायला तीन प्रयत्न लागतात. मराठीत टाइप करायची सवय नसलेल्या, एकेक जोडाक्षर शोधणाऱ्या माणसालाही हेच लागू आहे, फक्त त्याची गणना कुठल्या निकषात होत नाही.

इशाऱ्याची चौकट बनवणे सोपे वाटते, पण त्यातही चुका होतात. ती पडद्यावर उमटली आणि वाचून दाखवणाऱ्या प्रणालीला कळलीच नाही, तर अंध माणसासाठी ती नव्हतीच. उलट दर सेकंदाला 'एकोणीस, अठरा, सतरा' असे मोजून दाखवणारी चौकट त्याला बाकी काही ऐकूच देत नाही.

भारतात २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, आणि सरकारी संकेतस्थळांसाठीच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांचा पाया डब्ल्यूसीएजीची 'एए' पातळी आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल केवायसीसंबंधीच्या प्रकरणात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. ते प्रकरण टाइमआउटचे नव्हते; अ‍ॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या आणि अंध व्यक्तींना चेहरा आणि पापण्यांच्या हालचालीने ओळख पटवता येत नव्हती. पण यंत्रणेच्या वेगाला जुळवून घेता न येणारा माणूस बाहेर राहू नये, हे तत्त्व इथेही तेच आहे.

या निकषांच्या रचनेत मला एक मोठी उणीव दिसते. इशारा आणि मुदतवाढ 'ए' पातळीवर आहे. पण सेशन संपून पुन्हा लॉगिन केल्यावर भरलेली माहिती जशीच्या तशी मिळावी, ही अट सर्वांत वरच्या 'एएए' पातळीवर ठेवली आहे. जगभरचे कायदे बहुधा 'एए'वर थांबतात. त्यामुळे ज्या एका गोष्टीने सेवा केंद्रातल्या त्या मुलाचे उडालेले अर्ज वाचले असते, ती करायला कोणताही नियम भाग पाडत नाही.

कारागिरीचा भाग

धोरणाचा वाद वर चालू असताना खाली काम करणारे रोज काहीतरी बांधत असतात. तिथला अनुभव सांगितल्याशिवाय हा आढावा पुरा होणार नाही.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे पानाने ठरावीक वेळाने सर्व्हरला गुपचूप एक मागणी पाठवणे. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकासाठी आम्ही नेमके हेच केले, दर पाच मिनिटांनी. तक्रारी थांबल्या. मग ऑडिटर आला, त्याने संध्याकाळी लॉगिन करून संगणक तसाच सोडला आणि सकाळी येऊन आत क्लिक केले. दार उघडेच होते. निष्क्रियतेची मर्यादा आम्ही कागदावर ठेवून प्रत्यक्षात काढून टाकली होती. चूक माझी होती आणि ती दुरुस्त करताना मी या विषयाकडे पहिल्यांदा नीट पाहिले.

शहाणा उपाय म्हणजे माणसाने खरोखर कळ दाबली, माउस हलवला, पडद्याला स्पर्श केला, तरच ती मागणी पाठवणे. मग टाइप करणारी बाई आणि चहाला गेलेला कारकून यांत सर्व्हरला फरक कळतो. पण इथेही खाचखळगे आहेत. एका संकेतस्थळाचे तीन टॅब उघडे असतील तर एकात काम चालू असताना दुसरा टॅब वेळ संपल्याचे सांगून तिघांनाही बाहेर काढतो. जानेवारी २०२१ मधल्या क्रोम ८८ पासून बराच वेळ मागे पडलेल्या टॅबमधली घड्याळे मिनिटातून एकदाच चालू दिली जातात, त्यामुळे सेकंदांचा हिशेब चुकतो. लॅपटॉप मिटून उघडला की पानाला वाटते दोन मिनिटेच गेली. म्हणून उरलेला वेळ पानाने मोजायचा नाही, सर्व्हरला विचारायचा, हे आता बहुतेक जाणते लोक मान्य करतात.

खरी कसोटी सेशन गेल्यावर लागते. बहुतेक ठिकाणी होते ते असे: माणूस 'सबमिट' दाबतो, सर्व्हर बिल्ला बाद ठरवून त्याला लॉगिनच्या पानावर पाठवतो आणि त्या वळणावर अर्जातला मजकूर टाकून दिला जातो. तो टाकून देणे ही सुरक्षेची गरज अजिबात नाही. मजकूर तात्पुरता बाजूला ठेवून, लॉगिन झाल्यावर पुन्हा समोर मांडता येतो. फक्त दोन काळज्या घ्याव्या लागतात. पानासोबत दिलेला बनावट-मागणीविरोधी गुप्त क्रमांक नव्या सेशनचा घ्यावा, नाहीतर लॉगिन होऊनही अर्ज नाकारला जातो. आणि नंतर लॉगिन करणारा माणूस तोच आहे याची खात्री करावी, नाहीतर सेवा केंद्रात एका मुलीचा अर्ज पुढच्या मुलाच्या खात्यातून जाईल. अर्ज टप्प्याटप्प्याने सर्व्हरवर मसुदा म्हणून साठवणे हा याहून बरा मार्ग. ब्राउझरमध्येच साठवणे सोपे असते, पण सामायिक संगणकावर ती माहिती पुढच्या माणसासाठी तशीच पडून राहते.

माझे स्वतःचे मत यातूनच घडले आहे. सेशन जाणे आणि काम जाणे या दोन गोष्टी आपण तीस वर्षे एकत्र बांधून ठेवल्या. त्या सोडवल्या की पाच मिनिटे की साठ, या भांडणाची धार बरीच कमी होते. ज्याचे काही हरवत नाही त्याला बोटाचा ठसा पुन्हा द्यायला त्रास वाटत नाही.

बिल्ला बांधून ठेवणे, आणि कृतीपाशी विचारणे

अलीकडचे प्रयत्न दोन दिशांनी चालले आहेत. पहिली दिशा बिल्ला उपकरणाला बांधण्याची. २०१८ मध्ये टोकन बाइंडिंग नावाचे मानक आले, पण त्याच सुमारास क्रोमने त्याचा पाठिंबा काढला आणि ते मागे पडले. २०२३ मध्ये डीपॉप नावाने हीच कल्पना एपीआयच्या टोकनांसाठी मानक झाली. एप्रिल २०२४ मध्ये गूगलने ब्राउझरच्या कुकीसाठी नवा प्रस्ताव मांडला: संगणकातल्या सुरक्षा चिपमध्ये गुप्त किल्ली ठेवायची, कुकी अल्पायुषी ठेवायची, आणि ती वाढवताना किल्ली याच संगणकात असल्याचा पुरावा द्यायचा. कुकी चोरून दुसरीकडे नेली तर ती लवकरच निकामी होते. दुरून होणाऱ्या चोरीवर हे उत्तर चांगले आहे. रिकाम्या खुर्चीवर नाही, कारण खुर्चीसमोरचा संगणक तोच असतो.

दुसरी दिशा आपल्या ओळखीची आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या यूपीआयमध्ये पैसे पाठवताना सर्वसाधारणपणे दर वेळी पिन द्यावा लागतो. अ‍ॅप किती वेळ उघडे होते याला मग फार महत्त्व उरत नाही; विचारणा दाराशी न होता तिजोरीपाशी होते. भाजीवालीपासून बिल्डरपर्यंत सगळ्यांनी हे विनातक्रार स्वीकारले. याची मर्यादा अशी की जिथे धोका एका कृतीत नसून नुसते दिसण्यात आहे, रुग्णाचा अहवाल किंवा खात्यातली शिल्लक, तिथे तिजोरी कुठे ठेवायची हेच ठरत नाही.

जे सुटलेले नाही

माणूस समोर आहे का, हे घड्याळाशिवाय ओळखण्याचा एक मार्ग क्रोमने सप्टेंबर २०२१ मध्ये खुला केला: वापरकर्ता संगणकापासून दूर आहे की नाही, हे परवानगी घेऊन संकेतस्थळाला सांगायचे. मोझिला आणि अ‍ॅपल यांनी त्याला पाळतीचे साधन म्हणून विरोध केला. सुरक्षेसाठी माणसाची उपस्थिती कळायला हवी, आणि खासगीपणासाठी ती कळता कामा नये. या पेचावर सर्वांना मान्य असा तोडगा नाही.

एकाच लॉगिनवर दहा अ‍ॅप्लिकेशन चालतात तिथे प्रत्येकाचे घड्याळ वेगळे. एकाने बाहेर काढले तरी मुख्य ओळख जिवंत असते आणि क्लिक करताच माणूस न विचारता पुन्हा आत येतो. असे बाहेर काढणे दिखाऊ ठरते. उलट सगळी एकत्र बंद करावीत तर चालू काम मोडते.

आणि सर्वांत अवघड प्रश्न आपल्याकडचा आहे. वर सांगितलेले बहुतेक नियम आणि उपाय एक माणूस, एक उपकरण, एक खाते असे धरून चालतात. सेवा केंद्रात खाते मुलीचे, हात चालकाचे, ओटीपी वडिलांच्या फोनवर, आणि वडील कधी शेतात, कधी गाडीवर. सेशन संपले की ओटीपी पुन्हा. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो चौघांचा. उपकरणाला बांधलेला बिल्ला अशा घरात कुणाचा समजायचा? दीर्घ सेशनची शिफारस करणाऱ्यांनी आणि पाच मिनिटांचा आग्रह धरणाऱ्यांनी, दोघांनीही ही खोली डोळ्यांसमोर ठेवलेली नाही.

त्या दुपारी मुलीचा अर्ज दाखल झाला. पोचपावती छापून झाली, मुलाने न विसरता लॉगआउट केले आणि पुढच्याला हाक मारली. मी निघालो तेव्हा साडेपाच वाजले होते. संकेतस्थळ त्याने बंद केले होते. नोटपॅडची फाइल मात्र दिवसभराची तशीच उघडी होती. पडद्यावर एकाखाली एक अकरा जणांची नावे, मोबाइल नंबर, खाते क्रमांक आणि पासवर्ड.